शेरडंवाल्यांनी पुढं यावं

आम्ही दोघांनी मिळून केलेलं शेवटचं साधं काम म्हणजे काळ्या शेळीचं बाळंतपण. दुपारची वेळ होती, कोठ्याचा पत्रा तापलेला. मी शेळीची शिंगं धरून उभा होतो आणि बायको मागच्या बाजूला बसली होती, बाही दंडापर्यंत सरकवून. पिल्लू आडवं आलं होतं. तिनं हात आत घातला, डोळे मिटले, आणि उतरंडीच्या तळाचं मडकं चाचपावं तसं चाचपून राह्यली.

"बराबर धरा," ती म्हणाली. "शिंगं धरलीत का टेकायला घेतलीत?"

"धरलीत की."

"मंग शेळी कामून हलती? तुम्हाला घेऊन हलती व्हय?"

पाय हाताला लागला तसा तिनं तो वळवला. करडू बाहेर आलं ते निपचित. तिनं त्याच्या नाकाला तोंड लावलं, आतला चिकटा ओढून थुंकला, मागचे पाय धरून त्याला हलवलं, तेव्हा ते ओरडलं. मंग ज्या पदरानं करडाचं तोंड पुसलं त्याच पदरानं तिनं आपल्या कपाळाचा घाम पुसला. जार, म्हणजे वार, पडली, ती जुन्या फडक्यात गुंडाळून ठेवली, हात पाण्यानं खंगाळले आणि चहा ठेवायला गेली. चहा पिताना म्हणाली, "आज कंबर लय धरली." मी म्हणालो, "वय झालं." एवढंच बोलणं. लोकांच्या बायका जायच्या आधी काहीतरी सांगून जातात म्हणे. माझीनं कंबर धरल्याचं सांगितलं.

त्याच्या आधी बरेच महिने तिला ताप होता. होता म्हणजे यायचा आणि जायचा. सकाळी बाई ठणठणीत, झाडलोट, भाकरी, शेरडं, सगळं. दिवस कलला की अंगात कणकण, आणि उजाडेपर्यंत घामानं गोधडी ओली. मंग आठ-दहा दिवस काहीच न्हाई, जसं काही झालंच नव्हतं. गावातल्या डाक्टरनं टायफाईड सांगून सलाईन लावली. भोकरदनच्यानं मलेरिया सांगितला. तिसऱ्यानं फोटो काढून मणक्यात गॅप दाखवला. पिंपळगाव रेणुकाईहून आलेल्या एका पाहुणीनं देवीचं काहीतरी राह्यलं असं सांगितलं, आम्ही तेही जाऊन फेडलं. सगळ्यांचा इलाज लागू पडला. का पडणार न्हाई? ताप आपल्या मनानं उतरायचाच. ज्याचा इलाज त्या वेळी चालू, त्याला यश.

आता खरी गंमत. जो रोग तिच्या अंगात होता, तोच रोग शोधायला आरोग्याची गाडी त्याच दिवसांत आमच्या गावात येऊन गेल्ती. झालं असं, की शेजारच्या तालुक्यात एका मेंढपाळाला ताप धरून राह्यला आणि मोठ्या तपासणीत निघालं की हा रोग शेरडा-मेंढरांकडून माणसात येतो. ब्रुसेला म्हणतात त्याला. मंग वरून हुकूम निघाला, की कोणत्या गावात हा रोग किती माणसांत हाये ते पाहा. ग्रामपंचायतीच्या भोंग्यावर पुकारलं, "शेरडंवाल्यांनी पुढं यावं. शाळेत रक्त तपासणी हाये. फुकट हाये."

आता शेरडंवाला कोण? शेळ्या माझ्या नावावर. विमा माझ्या नावावर. बाजाराची पावती माझ्या नावावर. मंग रक्त कोणाचं द्यायचं? गावातले सगळे गडी धुतलेली कापडं घालून शाळेच्या पडवीत रांगेला बसले. आमच्या बापजाद्यांची मेंढरं होती, जाणकार म्हणून आम्हाला पहिला मान. सुई टोचणारी पोर विचारायची, "बाबा, शेळ्या तुम्हीच सांभाळता ना?" आणि एकेक जण छाती काढून सांगायचा, "मंग? लहानपणापासून." सांभाळतो म्हणजे सकाळी रानात नेतो, बाभळीखाली बसतो, तंबाखू मळतो, दिवस बुडायच्या आत परत आणतो. हे खोटं न्हाई. फक्त शेरडाला रोग बाभळीखाली होत न्हाई आणि माणसाला तंबाखू मळताना लागत न्हाई, हे आम्हाला कोणी सांगितलं नव्हतं.

बायका पण शाळेत आल्या होत्या, चहा घेऊन. माझी बायको किटली घेऊन आली, आदल्या दिवशीच्या तापानं तोंड उतरलेलं. सुईवाल्या पोरीनं तिच्या हातचा चहा घेतला, "मावशी, चहा छान झाला" म्हणाली, आणि तिचा हात सोडून आमचे सगळ्यांचे हात तपासले.

जनावरांचेही डाक्टर येणार होते, पण ते खातं येगळं, त्यांची गाडी येगळी. ती आली न्हाई.

काही दिवसांनी निकाल आला. आमच्या गावात रोग न्हाई. सरपंचानं भोंग्यावर सांगितलं आणि वडाखालच्या मारुतीपुढं नारळ फोडला. माझा चुलतभाऊ म्हणाला, "आपल्या रानाचा चाराच असा हाये, दादा. रोग यायची हिंमत न्हाई." मी पण खोबरं खाल्लं. घरी आलो तर ती चुलीजवळ बसली होती, अंगावर घोंगडी. "काय निघालं?" तिनं विचारलं. मी म्हणालो, "गाव साफ हाये." ती म्हणाली, "बरं झालं. मला वाटलं काही निघतं का काय."

माझा आजा प्लेगाच्या दिवसांचं सांगायचा. घरात उंदीर पडायला लागले की गाव सोडायचं, रानात झोपड्या घालायच्या, रोग शांत झाला की परत यायचं. त्या लोकांना जंतू ठाऊक नव्हता, सुई नव्हती, गाडी नव्हती. फक्त आधी उंदीर पडतो आणि मंग माणूस, एवढं त्यांनी पाह्यलं होतं. पण रानात जाताना त्यांनी घरातली सगळी माणसं नेली. ज्याच्या नावावर घर तो एकटा गेला, असं आज्यानं कधी सांगितलं न्हाई.

काळीच्या बाळंतपणानंतर थोड्याच दिवसांत बायकोला दम लागायला लागला. कोठ्याची पायरी चढली की बसायची. मुलगा जालन्याला लोखंडाच्या कारखान्यात हाये, तो सुट्टी काढून आला आणि आम्ही तिला जालन्याच्या एका मोठ्या दवाखान्यात नेलं. तिथं एक तरुण डाक्टरीण होती. तिनं नाडी पाह्यली, छाती ऐकली, आणि मंग स्टूल ओढून बसली. सोयरीक जमवायला आल्यासारखे प्रश्न. पाणी कुठलं पिता. दूध तापवता का. गल्लीत अजून कोणाला ताप. किती दिवस येतो, किती दिवस जातो. मी मनात म्हटलं, हिला रोग ठाऊक न्हाई म्हणून टाईमपास करून राह्यली.

मंग तिनं मला विचारलं, "या काय काम करतात?"

मी म्हणालो, "काही न्हाई. घरीच असती."

हे मी काही येगळं बोललो न्हाई. जनगणनावाला आला तेव्हा हेच लिहून दिलं, राशनवाला आला तेव्हा हेच. गावातला कोणताही गडी हेच सांगतो आणि बायको बाजूला उभी राहून मान हलवते. पण त्या दिवशी तिनं तोंडावरचा हवेचा मुखवटा बाजूला केला आणि म्हणाली, "शेरडं सोडून बाकी काही न्हाई करत, बाई."

डाक्टरणीचा पेन थांबला. तिनं स्टूल माझ्याकडून फिरवून तिच्याकडं केलं.

"शेळ्या व्यायल्या की कोण बघतं?"

"मीच. आमच्या गल्लीतल्या बी मलाच बोलवतात."

"हातानं?"

"पायानं कसं काढणार?"

"एखादी गाभ टाकते का?"

"औंदा दोघींनी टाकला. ते बी मीच काढलं."

"पिल्लाच्या नाकाला तोंड लावता?"

"मंग कोण लावणार, हे?" ती माझ्याकडं पाहून म्हणाली. "हे शिंगं धरतात. लय दमतात."

डाक्टरीण हसली, मुलगा हसला, नर्स हसली. मीही हसलो. तो आमच्या घरातला शेवटचा इनोद.

रक्ताचा निकाल आला. तोच रोग, ब्रुसेला. हृदयाच्या पडद्याला जाऊन बसला होता. गोळ्या चालू झाल्या, इंजेक्शनं चालू झाली. डाक्टरीण मला बाहेर नेऊन म्हणाली, "बाबा, सुरुवातीला कळलं असतं तर गोळ्यांवर बऱ्या झाल्या असत्या. तुमच्या गावात तर तपासणी झाल्ती ना? मी यादीत पाह्यलं."

"झाल्ती. रक्त घेतलं."

"यांचं?"

"माझं," मी म्हणालो. "शेरडं माझ्या नावावर हायेत."

तिनं केसपेपर मिटला आणि आत गेली. बोलली असती तर बरं झालं असतं.

बायको तिथंच गेली. जायच्या आदल्या दिवशी तिनं विचारलं, "काळीचं करडू पितंय का?" मी म्हणालो, "चांगलं पितंय." मला काय ठाऊक? मी कितीतरी दिवसांत गावाकडं गेल्तोच कुठं?

दहावा झाला. पाहुणे पांगले, मुलगा कारखान्यात गेला. घरात मी आणि सून. सुनेला दिवस गेलेले, पाचवा महिना. सासूच्या मागं शेरडं तिच्याच हाती आली, कोणी दिली न्हाई आणि कोणी मागितली न्हाई. जशी चुलीची जागा ठरलेली असते तशी ती ठरलेलीच होती.

एक दिवस ती डाक्टरीण गावात आली, सोबत आरोग्याची दोन माणसं. आमच्याकडं पाणी प्यायली, मंग म्हणाली, "बाबा, गाव दाखवा." मला वाटलं दवाखाना बघेल, टाकी बघेल. ती बघत बघत वडापाशी थांबली आणि मान वर करून उभी राह्यली.

वडाच्या फांद्यांना फडक्यांची गाठोडी लटकलेली होती. काही वाळून काळी पडलेली, काही नवी. आमच्यात जनावर व्यालं की जार फडक्यात बांधून वडाला टांगतात. वडाला चीक असतो, म्हणून जनावराला दूध भरपूर येतं, असं मानतात. दुसरीकडं गाई-म्हशींचं करतात, आमच्यात शेरडांचंही करतात.

"हे बांधतं कोण?" तिनं विचारलं.

वडाच्या पारावर नेहमीचे गडी बसले होते. चुलतभाऊ म्हणाला, "बायका."

"पुरुष न्हाई?"

"पुरुष कशाला?" तो हसला. "बाळंतपणाचं काम ते."

डाक्टरणीनं झाडाचा फोटो काढला. त्या वेळी मला पहिल्यांदा ते झाड दिसलं. जन्मापासून त्याच्या सावलीत बसतो. त्याच पारावर बसून आम्ही गाव साफ असल्याचं खोबरं खाल्लं होतं, आणि डोक्यावर सगळा रोग फडक्यात बांधून, नीट गाठ मारून लटकवलेला होता. बायकांनी काही लपवलं नव्हतं. उलट गावातल्या सगळ्यात उंच जागी टांगलं होतं.

चालता चालता ती मला समजावून सांगत होती. तिच्या शास्त्रात म्हणे औषध नंतर येतं. आधी विचारायचं, आजारी कोण पडलं, कुठं, कधी, काय करताना. आणि कोण पडलं न्हाई, तेही विचारायचं, कारण दोघांत जो फरक, तिथं रोगाचा रस्ता सापडतो. मी म्हणालो, "बाई, तुमचं शास्त्र चांगलं हाये. फक्त ते विचारायला आलं की दार आम्ही उघडतो." तेव्हा मात्र ती हसली.

मंग ती गल्लीत घरोघर गेली आणि गड्यांना सोडून सरळ चुलीपर्यंत जाऊन विचारायला लागली. आणि काय सांगू, ज्या गावात रोग नव्हता तिथं भिंतीभिंतीआडून रोग बोलायला लागला. एकीला वर्षभर सांजचा ताप. एकीचे सांधे धरलेले. एका घरातल्या सुनेचा गर्भ दोनदा पडला होता. तिला नवऱ्यानं देवऋष्याकडं नेलं होतं. त्याच घरातल्या शेळीनं गाभ टाकला तेव्हा मात्र जनावराच्या डाक्टरला फोन केला होता. हे मी त्या घराला नावं ठेवायला लिहीत न्हाई. माझ्या घरात काही येगळं झालं असतं असं मला वाटत न्हाई.

आमच्या घरी परत आल्यावर डाक्टरणीनं सुनेला विचारलं, "तुला काही त्रास?"

सून माझ्याकडं पाहून राह्यली. आमच्यात सासऱ्यापुढं सून दुखणं सांगत न्हाई. मी म्हणालो, "सांग की."

"मामा," ती म्हणाली, "मला बी चार-पाच दिवस झाले, सांजच्याला अंग तापतं."

डाक्टरीण म्हणाली, "उद्या सकाळी शाळेत गाडी येईल. जनावरांचे डाक्टर पण येतील, मी सोबतच घेऊन येते. शेळ्यांना हात लावणाऱ्या सगळ्या बायकांनी यायचं, पोटुशी असेल तिनं सगळ्यात आधी. रोग निघाला तर पोटातल्या बाळाला चालतील अशा गोळ्या हायेत. पण उशीर नको." जाताना तिनं रबराच्या हातमोज्यांचा डबा आणि तोंडाला बांधायच्या पट्ट्या दिल्या, आणि जार वडाला न बांधता चुना टाकून पुरायला सांगितलं.

दिवस मावळायच्या आत पारावर बैठक बसली. मला बोलावणं आलं.

"दादा," चुलतभाऊ म्हणाला, "उद्या बायकांचं रक्त द्यायचं न्हाई असं ठरलंय. एकीचं बी निघालं, तर बाजारात आपल्या गावचं बोकड कोण घेत न्हाई."

"मंग?"

"मंग तू फक्त एवढं म्हण, की वहिनी हार्टनं गेली. कागदावर बी तसंच हाये."

"हार्टनंच गेली," मी म्हणालो. "तू बी हार्टनंच जाशील. ते बंद पडल्याबिगर कोणालाच जाता येत न्हाई."

"चेष्टा नको. गावाचं नाव खराब होतं."

"गावात रोग हाये त्यानं न्हाई होत? मोजल्यानं होतं?"

"पहिल्यांदा मोजलंच की. न्हाई निघाला."

"आपला न्हाई निघाला. आपल्याला कशाला निघंल? आपण शिंगं धरतो."

कोणी हसलं, कोणी खाली पाह्यलं. तेव्हा एक म्हातारा, जो माझ्याहून चार वर्षांनी मोठा आणि त्यामुळं जास्त शहाणा हाये, त्यानं खरी अडचण काढली. "सगळ्या बाया सकाळी शाळेत जाऊन बसल्या तर शेरडं कोण बघायचं? शेण, लेंड्या, धारा? आता विण्याचा हंगाम हाये."

गड्यांनी तंबाखू मळायला घेतली. बोकडाच्या भावाचं बोलणं चालू होतं तेव्हा सगळ्यांना तोंड होतं. आता न्हाई.

"शेरडंवाले बघतील," मी म्हणालो. "मागच्या टायमाला सगळे जल्दी पुढं आल्तो ना?"

"तुला जार काढता येती का?" चुलतभावानं टोमणा मारला.

"येत न्हाई. पण माझी सून उद्या शाळेत जाणार. तुमच्या न्हाई गेल्या तर ती एकटी जाईल, पण जाईल. माझ्या घरातून एक गेली, आता दोन जीव घालवायचे न्हाईत. बाकी बोकडाचं तुम्ही बघा." एवढं बोलून मी उठलो. वर लटकलेल्या गाठोड्यांकडं बोट दाखवावं असं मनात आलं होतं, पण ती पाहायची तर मान वर करावी लागते. आमच्या पारावर तशी सवय न्हाई.

दुसऱ्या दिवशी सकाळी सून दारात रेंगाळली. "मामा, भुरी शेळी आज व्यायची हाये. लक्षण दिसून राह्यलं. मी ती मोकळी झाल्यावर जाते."

"तू आता जा."

"तुम्हाला जमंल का?"

"न्हाई जमलं तर भुरीला सांग माफ कर म्हणून. जा."

ती पदर सावरून निघाली. गल्लीच्या तोंडाशी शेजारची सासू तिच्या सोबत झाली, मंग जिचा गर्भ दोनदा पडला होता ती. पुढं अजून कोण आलं ते मला कोठ्यातून दिसलं न्हाई.

भुरीची शिंगं धरायला कोणी नव्हतं, म्हणून तिला खुंट्याला आखूड बांधलं. हातमोजे घालताना एक फाटला, डब्यातून दुसरा काढला. तोंडाला पट्टी बांधली. भुरी मान वळवून माझ्याकडं पाहायची, मंग माझ्या मागं दाराकडं पाहायची. मी म्हणालो, "ती न्हाई येणार. मीच हाये." सुदैवानं पिल्लू सरळ आलं. मी फक्त ओढलं, तेही चुकीच्या वेळी असावं, कारण भुरी जोरात ओरडली. नाकाला तोंड लावलं न्हाई. फडक्यानं पुसलं, गोणपाटानं चोळलं, मागचे पाय धरून हलवलं, जसं ती हलवायची. करडू ओरडायला लय वेळ लागला.

जार पडली. कोठ्यामागं खड्डा खोदून ठेवला होता, त्यात ती टाकली, वरून चुना. कुंपणापलीकडून चुलतभाऊ पाहत होता. त्याच्या हातात लेंड्यांचा झाडू होता, म्हणजे त्याच्या घरची पण गेलेली होती. मी विचारलं न्हाई.

"वडाला न्हाई बांधली तर दूध आटंल," तो म्हणाला.

"आटू दे."

तेवढ्यात आरोग्याची एक पोर गल्लीतून आली, कोणत्या घरातली बाई राह्यली ते पाहत. मला हातमोजे घालून, फावडं घेऊन उभा पाहून थांबली. "बाबा, घरातल्या बाया गेल्या का शाळेत?"

"गेल्या."

"आणि तुम्ही? तुम्ही काय करता?"

"काही न्हाई," मी म्हणालो. "घरीच असतो."

तिनं तसंच लिहून घेतलं आणि पुढं गेली. मी खड्डा बुजवला, कुत्र्यांनी उकरू नये म्हणून वर बाभळीचे काटे आणि दोन दगड ठेवले. मंग साबणानं कोपरापर्यंत हात धुतले, डाक्टरीण म्हणाली होती तसे, दोनदा. चुलीवर चहा ठेवला, आणि सून शाळेतून येईपर्यंत तो झाकून ठेवला.